एथेनॉलमधला कार्बन डायऑक्साइड: १७० बार आला कुठून?

कोल्हापुरातच एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिने प्रकल्पासाठी एथेनॉलमध्ये कार्बन डायऑक्साइड किती विरघळतो ते २५, ४० आणि ५५ अंश सेल्सिअसला मोजलं. २५ अंशांना हेन्रीचा स्थिरांक, म्हणजे वायूचा दाब भागिले द्रवातल्या एकूण मोलांत त्या वायूचा हिस्सा, १७० बार आला (आकडा जितका मोठा तितका वायू कमी विरघळतो), छापील आकड्यांत तो १५५च्या आसपास सापडतो. मग तिने पेंग–रॉबिन्सन हे दाब, तापमान आणि आकारमान यांना जोडणारं अवस्था समीकरण बसवलं, तर त्यातला दोन पदार्थांच्या जोडीसाठी बसवायचा गुणांक, म्हणजे के-आय-जे, तिन्ही तापमानांना वेगवेगळा आणि काहीही अर्थ न लागणारा आला. आता मार्गदर्शक म्हणतात, मॉडेल बदल, पीसी-सॅफ्ट हे नवं अवस्था समीकरण वापरून बघ. तिचा प्रश्न: कोणतं मॉडेल घेऊ?

सर म्हणून विचारलं आहेस, म्हणून अरे-तुरेच करतो. मॉडेल बदलू नकोस. निदान अजून नको. तुझ्या मॉडेलला काही झालेलं नाही, दुखणं वहीत आहे. तू कच्चे आकडे सोबत दिलेस हे फार चांगलं केलंस. बहुतेक जण फक्त शेवटचा आलेख पाठवतात आणि त्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

तुझी मांडणी अशी: १५० मिलीचा वायूचा साठा, १०० मिलीचा सेल, सेलमध्ये वायू काढून टाकलेलं ६० मिली एथेनॉल, मध्ये एक झडप, आणि दोन्ही एकाच पाण्याच्या टाकीत २५ अंशांवर. साठ्यात १०.०० बार निरपेक्ष दाबाने वायू भरला, झडप उघडली, ढवळलं आणि दाब ४.४५ बारवर येऊन थांबला. या पद्धतीत विरघळलेला वायू आपण प्रत्यक्ष कधीच मोजत नाही. आधी किती होता आणि आता वर किती उरला यांची वजाबाकी करतो. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी भरलेली एकदा आणि रिकामी एकदा तोलतात, तशातला प्रकार. फरक इतकाच की तिथे गाडीपेक्षा ऊस जास्त असतो. तुझ्या प्रयोगात गाडीच उसापेक्षा जड आहे.

आकडे घालून बघू. २५ अंशांना वायुस्थिरांक गुणिले तापमान म्हणजे २४७८८ बार-घनसेंमी प्रति मोल. तू आदर्श वायूचं समीकरण लावून साठ्यातले मोल काढलेस: १० गुणिले १५० भागिले २४७८८, म्हणजे ०.०६०५. शेवटच्या दाबातून एथेनॉलचा बाष्पदाब ०.०७९ बार वजा केलास, हे बरोबर केलंस. उरले ४.३७ बार, आणि वायूला मोकळी जागा १५० अधिक ४०, म्हणजे १९० मिली. त्यावरून वर उरलेले मोल ०.०३३५. वजाबाकी ०.०२७०. एथेनॉल १.०२२ मोल, म्हणून मोल अंश, म्हणजे द्रवातल्या एकूण मोलांत वायूचा हिस्सा, ०.०२५७ आणि हेन्रीचा स्थिरांक ४.३७ भागिले ०.०२५७, म्हणजे १७० बार. तुझा आकडा जसाच्या तसा निघाला.

आता हेच पुन्हा, पण कार्बन डायऑक्साइड आदर्श वायू नाही हे मान्य करून. २५ अंशांना त्याचा दुसरा व्हिरियल गुणांक, म्हणजे वायू आदर्शपणापासून किती ढळतो त्याचं माप, सुमारे उणे १२३ घनसेंमी प्रति मोल आहे. त्यामुळे १० बारला संपीड्यता गुणांक (आदर्श वायूचा १ असतो) ०.९५ येतो आणि ४.३७ बारला ०.९७८. साठ्यात खरे मोल होते ०.०६३७, शेवटी वर राहिले ०.०३४२, विरघळले ०.०२९५. मोल अंश ०.०२८०. स्थिरांक १५६ बार.

संपलं प्रकरण. पाच टक्क्यांची चूक सुरुवातीच्या मोलांत झाली, शेवटच्या मोलांत दोन टक्क्यांची झाली, आणि दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून ती उत्तरात आठ टक्के होऊन बसली. तुझ्या मांडणीत सुरुवातीच्या वायूपैकी निम्म्याहूनही कमी विरघळतो. त्यामुळे साठ्याच्या मोलांतली कोणतीही चूक उत्तरात २.२ पट होऊन उतरते. हा २.२ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

खरं सांगायचं तर १७० हा आकडा बघून माझा पहिला संशय भलतीकडेच गेला होता. जुन्या तक्त्यांत वायूची विद्राव्यता दोन गुणांकांत देतात, बन्सेन आणि ऑस्टवाल्ड. ऑस्टवाल्ड गुणांकात विरघळलेल्या वायूचं आकारमान प्रयोगाच्या तापमानाला धरतात, बन्सेनमध्ये ते शून्य अंशांवर आणून मांडतात. २५ अंशांना दोघांत ९ टक्क्यांचा फरक पडतो. एथेनॉलसाठी ऑस्टवाल्ड सुमारे २.७ आणि बन्सेन सुमारे २.५. बन्सेनचा आकडा ऑस्टवाल्ड समजून कुणी रूपांतर केलं, तर हेन्रीचा स्थिरांक किती येतो माहीत आहे? १७०. दोन सर्वस्वी वेगळ्या चुका आणि उत्तर एकच. कच्चे आकडे नसते, तर मी तुला खात्रीने चुकीचा सल्ला दिला असता.

एककांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट. मिथेनॉल आणि एथेनॉल यांत कार्बन डायऑक्साइड सारखाच विरघळतो का? एक वातावरण दाब आणि २५ अंशांना दोन्हींत मोल अंश ०.००६४–०.००६५ येतो, म्हणजे सारखाच. पण लिटरमागे बघ: मिथेनॉलमध्ये ०.१५७ मोल, एथेनॉलमध्ये ०.१११. मिथेनॉल दीडपटीच्या जवळ. मिथेनॉलचा रेणू लहान, एका लिटरात जास्त मोल मावतात, एवढंच त्यामागचं गुपित. कारखान्यात पंप लिटर ढकलतो, मोल अंश ढकलत नाही. म्हणून 'कोणता द्रावक चांगला' असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कोणत्या एककात?

मोल अंशाचा एक मोठा फायदा मात्र आहे, त्यातून स्वभाव दिसतो. २५ अंशांना द्रव कार्बन डायऑक्साइडचा स्वतःचा बाष्पदाब सुमारे ६४ बार असतो. द्रावकाने त्याला आपलंही मानलं नाही आणि परकंही मानलं नाही, तर एका वातावरणाला मोल अंश चौसष्टाव्या हिश्श्याच्या आसपास यायला हवा, म्हणजे ०.०१६. टोल्युइनमध्ये तो ०.०१०च्या जवळ येतो, हेक्झेनमध्ये ०.०१२. दोन्ही जरा कमी. अल्कोहोलमध्ये निम्म्याहून कमी, कारण अल्कोहोलचे रेणू आपसांतल्या हायड्रोजन बंधांत गुंतलेले असतात आणि पाहुण्याला जागा करून द्यायला त्यांना ते बंध तोडावे लागतात. पाण्यात तर हजारात एकही रेणू भरत नाही, ०.०००६. आणि अ‍ॅसिटोनमध्ये ०.०१९, म्हणजे आदर्शापेक्षाही जास्त! कार्बन डायऑक्साइडला द्विध्रुव नाही, पण त्याच्या मधल्या कार्बनवर इलेक्ट्रॉनची टंचाई असते. कार्बोनिल गटाच्या ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉन मोकळे असतात. दोघांचं जमतं. नैसर्गिक वायू शुद्ध करणाऱ्या प्रकल्पांत प्रोपिलीन कार्बोनेट, एन-मिथाइल पायरोलिडोन किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे ईथर वापरतात. त्या सगळ्यांच्या रचनेत असा ऑक्सिजन आहे. मिथेनॉल वापरणारी रेक्टिसोल प्रक्रिया वेगळ्या जोरावर चालते. तिथे मिथेनॉल उणे ४० अंश किंवा त्याहूनही थंड करतात, आणि थंडीत विद्राव्यता कैक पटींनी वाढते.

आता तुझ्या ४० आणि ५५ अंशांकडे. पाठवलेल्या तक्त्यात बाष्पदाबाच्या रकान्यात तिन्ही ओळींना ०.०७९ आहे. तो २५ अंशांचा आहे. ४० अंशांना एथेनॉलचा बाष्पदाब ०.१८ बार होतो, ५५ अंशांना ०.३७. म्हणजे ५५ अंशांच्या ओळीत तू जवळजवळ ०.३ बार एथेनॉलची वाफ कार्बन डायऑक्साइडच्या खात्यावर जमा केलीस. ही चूक दोन्हीकडून मारते. वर उरलेला वायू जास्त दिसतो म्हणून विरघळलेला कमी निघतो, आणि वर आंशिक दाबही जास्त धरला जातो. दोन्ही मिळून स्थिरांक पंधरा टक्क्यांच्या आसपास फुगतो. २५ला नाही, ४०ला थोडा, ५५ला भरपूर. तुझा के-आय-जे तापमानाबरोबर का पळत होता, ते आता दिसलं का? तू त्याचं कारण पेंग–रॉबिन्सनच्या उणिवेत शोधत होतीस.

या दोन चुका तुझ्या तक्त्यातून दिसल्या. काही चुका तक्त्यात दिसत नाहीत, त्या तुझ्या प्रयोगशाळेत उभं राहूनच कळतील.

पहिली, हवेचा दाब. तुझा ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारा संवेदक, गेज प्रकारचा असेल, तर तो बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त एवढंच सांगतो, आणि निरपेक्ष दाबासाठी तू हवेचा दाब मिळवतेस. कोणता मिळवतेस? कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथला खरा दाब ९५० मिलिबारच्या आसपास असतो. मोबाइलवरचं हवामान १०१० दाखवतं, कारण तो आकडा समुद्रसपाटीला नेऊन दिलेला असतो. आमच्याकडे एकाने वर्षभर मोबाइलचा आकडा मिळवला होता. तुझ्या पद्धतीत यातून दीड-पावणेदोन टक्क्यांची चूक येते, कारण आधी आणि नंतर दोन्हीकडे तोच जास्तीचा दाब मिळवल्याने तो बराचसा कटतो. पण द्रावकातून हवेच्याच दाबाला वायूचे बुडबुडे सोडून मोजणाऱ्यांना सहा टक्के सरळ बसतात. विभागात एक साधा बॅरोमीटर टांग. किंवा निरपेक्ष दाबाचा ट्रान्सड्यूसर घे आणि सुटका करून घे.

ट्रान्सड्यूसर घेताना पल्ला बघ. शंभर बारचा, पूर्ण पल्ल्याच्या ०.१ टक्के अचूकतेचा, असं वाचलं की भारी वाटतं. ०.१ टक्के म्हणजे ०.१ बार. १० बारवर त्यातून सुरुवातीच्या मोलांत एक टक्का, आणि उत्तरात आपले ठरलेले २.२. सोळा बारचा घेतलास तर हीच चूक सहापट कमी होते.

दुसरी, तापमान. साठा आणि सेल दोन्ही तू एकाच टाकीत ठेवलेस, छान. पण झडपेचं डोकं, ट्रान्सड्यूसरची मान आणि मधली नळी पाण्याबाहेर असते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खोलीत ३४-३५ अंश असतात. साठा बाहेर ठेवून हिशेब टाकीच्या तापमानाने केला, तर नऊ अंशांच्या फरकातून सुरुवातीच्या मोलांत तीन टक्के आणि उत्तरात त्याहूनही जास्त जातात. शिवाय उन्हाळ्यात साधी पाण्याची टाकी २५ अंशांवर राहतच नाही, तिला हीटर आहे पण गारवा नाही. मी बरीच वर्षं २५ अंशांची मोजणी नोव्हेंबर ते जानेवारीतच उरकायचो. नंतर चिलर मिळाला. वायू भरल्याबरोबर साठा गरम होतो हेही ध्यानात ठेव. भरल्यावर निदान अर्धा तास थांब आणि दाब स्थिर झाला की मगच लिही.

तिसरी, एथेनॉल कुठून आणलंस? जिल्ह्यात साखर कारखाने आणि आसवन्या आहेत, त्यामुळे एथेनॉल मिळायला अडचण नाही. पण रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये वजनाने पाच टक्के किंवा जास्त पाणी असतं. ऊर्ध्वपातनाने त्यापलीकडे जाता येत नाही, ९५.६ टक्क्यांवर एथेनॉल आणि पाणी एकत्रच उकळायला लागतात. पेट्रोलमध्ये मिसळायचं एथेनॉल आण्विक चाळणीतून पुढे सुकवतात. तू निर्जल एथेनॉलच घेतलं असशील, पण बाटली कितीदा उघडली? जुलैत इथे हवेतूनच पाणी चाटता येईल अशी स्थिती असते आणि एथेनॉल ते चाटतं. सेलमध्ये भरायच्या दिवशी कार्ल फिशर पद्धतीने पाणी मोज, आदल्या महिन्यातला आकडा चालणार नाही.

चौथी, द्रावकात आधीच विरघळलेली हवा. ती काढली नाहीस, तर झडप उघडल्यावर ती बाहेर येते आणि तुझ्या खात्यात गोंधळ घालते. गोठव, निर्वात कर, वितळव, असं तीनदा. द्रव नायट्रोजन लागतो. आपल्याकडे कृत्रिम रेतनाच्या कांड्या साठवायला तो गावोगाव फिरतो, ओळख काढलीस तर पाच लिटर मिळून जाईल. तोच मार्ग मी वापरत आलो आहे.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तिने माझे दोन महिने खाल्ले. उच्च दाबाचा सेल बनवून घेतला होता, ४० बारपर्यंत जायचं होतं. रिकाम्या सेलमध्ये नायट्रोजन भरून रात्रभर ठेवला, दाब तसूभरही हलला नाही. खूश होऊन कार्बन डायऑक्साइड भरला आणि रात्रीत दाब उतरला. साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. सांधे पुन्हा आवळले. पुन्हा उतरला. सुरुवातीला भराभर, मग हळूहळू, आणि दोन दिवसांनी थांबला. गळती असती तर थांबली नसती, उतरतच राहिली असती. डोक्यात प्रकाश पडला तो सेल रिकामा करून उघडल्यावर. झाकणाखालची रबरी ओ-रिंग फुगून खाचेतून बाहेर आली होती आणि तिच्या अंगावर भाजलेल्या पापडासारखे फोड होते. रबर कार्बन डायऑक्साइड पिऊन बसलं होतं. दाब एकदम सोडल्यावर आतला वायू फोड काढत बाहेर पडला. मी द्रावकाची विद्राव्यता मोजत होतो आणि रबर त्यात आपली भर घालत होतं. टेफ्लॉनची सील बसवल्यावर हा त्रास गेला. तेव्हापासून कोरी चाचणी नायट्रोजनने करून मी थांबत नाही. ज्या वायूवर काम करायचं त्याच वायूने, त्याच दाबाला, रिकाम्या सेलवर करतो. तुझ्या वहीत कोरी चाचणी दिसली नाही.

समतोलाला किती वेळ द्यायचा, असंही तू विचारलं आहेस. ढवळलं नाहीस, तर वायू द्रवात नुसत्या विसरणाने उतरतो. विसरण गुणांक सेकंदाला तीन गुणिले दहाचा उणे नववा घात चौरस मीटर असा काहीसा असतो. चार सेंटिमीटर खोलीचा वर्ग भागिले हा गुणांक केला की पाच लाख सेकंद येतात. सहा दिवस. चुंबकीय ढवळणीने तेच काम तासाभरात होतं. पण घड्याळावर विसंबू नकोस. दाब थांबला की एक तास आणखी ढवळ, मग ढवळणी बंद करून परत चालू कर. दाब हलला नाही तर समतोल झाला.

मांडणी सुधारायची असेल तर सेल जास्त भर आणि साठा लहान घे. ९० मिली एथेनॉल आणि ५० मिली साठा घेतलास, तर १० बारपासून सुरू केलेला दाब १.८ बारपर्यंत उतरेल, चार पंचमांश वायू द्रवात जाईल आणि तो २.२चा गुणक १.२५वर येईल. मोबदल्यात साठ्याचं आकारमान काटेकोर माहीत असायला हवं. ५० मिलीत मधल्या नळीचा एक मिली धरायचा राहिला, तर दोन टक्के गेले. पाणी भरून वजन करणं हा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा मार्ग आहे. शिवाय वायू विरघळला की द्रव थोडा फुगतो, मोलमागे सुमारे ४५ ते ५० घनसेंमी. तुझ्या प्रयोगात हे दीड मिली झालं. तेवढी वायूची जागा कमी झाली आणि उत्तरात पाऊण टक्का फरक पडला. आधी मोठ्या चुका काढ, मग याच्या मागे लाग.

आता मॉडेलचं. विल्यम हेन्रीने १८०३ साली मांडलेला नियम हा खरं तर सीमेवरचा नियम आहे, मोल अंश शून्याकडे जाताना तो अचूक ठरतो. दहा बारपर्यंत, दाबाऐवजी फ्युगॅसिटी, म्हणजे वायू आदर्श नसल्याची दुरुस्ती केलेला दाब, घेतलीस, तर तो तुला पुरेल. तुझ्या ४.३७ बारला फ्युगॅसिटी गुणांक ०.९७८ आहे, म्हणजे फ्युगॅसिटीवर आधारलेला स्थिरांक १५६ नव्हे, १५३च्या जवळ. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करताना त्याने दाब घेतला आहे की फ्युगॅसिटी, हे आधी बघ. दाब वाढला की क्रिचेव्हस्की–कासार्नोव्हस्की समीकरण आहे, १९३५चं. त्यात विरघळलेल्या वायूच्या आंशिक मोलर आकारमानाची दुरुस्ती येते. तीस-चाळीस बारच्या पुढे द्रावक इतका फुगतो की 'एथेनॉलमधला कार्बन डायऑक्साइड' म्हणण्यात अर्थ राहत नाही, ते दोघांचं मिश्रण असतं. तिथे अवस्था समीकरणच हवं.

१९७६चं पेंग–रॉबिन्सन समीकरण गरीब गाय आहे. दोन्ही पदार्थांचे क्रांतिक दाब, क्रांतिक तापमान आणि अकेंद्री गुणांक घेते आणि एक के-आय-जे मागते. या के-आय-जेचं काम काय, ते एकदा हाताने बघ. मी एथेनॉलसाठी २५ अंशांचा हिशेब करून पाहिला. के-आय-जे शून्य ठेवला तर समीकरण हेन्रीचा स्थिरांक ७०च्याही खाली सांगतं, म्हणजे खऱ्याच्या दुपटीहून जास्त वायू विरघळवतं. ०.१० ठेवला की १५३ येतो. आणि त्याच्या आसपास के-आय-जे ०.०१ने हलला की स्थिरांक ८ टक्क्यांनी हलतो. म्हणून तुझ्या १७०साठी के-आय-जे ०.११ निघाला. तू आदर्श वायूची चूक केलीस आणि के-आय-जेने ती निमूटपणे पोटात घेतली. बसवलेल्या गुणांकाचा हाच धोका असतो. तो 'तुझं मोजमाप चुकलं' असं कधीच म्हणत नाही. मॉडेलने जितके जास्त गुणांक बसवायला मागितले, तितके चुका लपवायला जास्त कोपरे.

पीसी-सॅफ्ट २००१चं आहे आणि चांगलं आहे. हायड्रोजन बंध असलेल्या द्रावकांसाठी त्याला तात्त्विक आधार जास्त, एथेनॉलचे रेणू एकमेकांना चिकटतात हे ते धरून चालतं. तुला रुंद तापमान-दाबाच्या पल्ल्यात अंदाज बांधायचे असतील, किंवा एथेनॉल–पाणी–कार्बन डायऑक्साइड असं तिघांचं करायचं असेल, तर जरूर घे. तीन तापमानांच्या, दहा बारपर्यंतच्या आकड्यांसाठी त्याची गरज नाही. मोजलेले आकडेच नसतील, तर रेणूच्या रचनेवरून अंदाज देणाऱ्या युनिफॅकवर आधारलेल्या पद्धती किंवा कॉस्मो-आरएस आहेत. द्रावकांची चाळणी करायला उत्तम, पण त्यांच्या आकड्यावर कारखान्यातल्या वायू शोषणाऱ्या टॉवरची उंची ठरवू नये. आणि मोनोएथेनॉलामाइनसारख्या अमाइनचा विचार या वहीत नको. तिथे कार्बन डायऑक्साइडची रासायनिक अभिक्रिया होते, नुसता हेन्रीचा नियम लावून त्याचं काही निघत नाही.

शुद्ध कार्बन डायऑक्साइडच्या घनतेसाठी स्पॅन आणि वॅग्नर यांचं १९९६चं समीकरण वापर. एनआयएसटी या अमेरिकी मापन संस्थेच्या वेबबुक या संकेतस्थळावर ते फुकट आहे. तापमान आणि दाब घाल, घनता घे, आकारमानाने गुण. संपीड्यता गुणांक हाताने काढायची गरजच राहत नाही. वरचा व्हिरियलचा हिशेब मी फक्त कुठे काय बिनसलं ते दिसावं म्हणून केला.

सिलिंडरबद्दल दोन शब्द. उद्यमनगर-शिरोलीच्या फाउंड्रींमध्ये वाळूचे कोअर कडक करायला सोडियम सिलिकेटबरोबर कार्बन डायऑक्साइड लागतो, म्हणून सिलिंडर इथे सहज मिळतात, आणि आमच्यासारख्यांना तोच वायू घ्यायचा मोह होतो. वाळूला त्यातला ओलावा आणि हवा चालते, तुला चालणार नाही. प्रमाणपत्र असलेला शुद्ध वायू घे आणि मध्ये एक शोषकाची नळी लाव. सिलिंडरमध्ये तो द्रवरूपात असतो, म्हणून उन्हाळ्यात दाब झपाट्याने चढतो आणि ३१ अंशांच्या वर द्रव-वायू हा भेदच उरत नाही. सिलिंडर खिडकीतल्या उन्हात ठेवू नकोस, सेलवर सुरक्षा झडप असू दे. वायू हवेपेक्षा जड आहे, तळघरातल्या प्रयोगशाळेत खाली साठतो.

तू शेवटी विचारलंस, या सगळ्याचा इथे उपयोग काय. आंबवणीत ग्लुकोजच्या एका रेणूतून एथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू निघतात. एका लिटर एथेनॉलमागे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड. तो गोळा करायचा, त्याच्याबरोबर उडालेलं एथेनॉल परत मिळवायचं, किंवा प्रेसमडच्या, म्हणजे साखर कारखान्यातल्या गाळाच्या, बायोगॅसमधून तो काढून मिथेन शुद्ध करायचा. प्रत्येक ठिकाणी टॉवरचं माप याच आकड्यावरून निघतं. बायोगॅससाठी मात्र मिथेन किती विरघळतो तेही मोजावं लागेल, नाहीतर कार्बन डायऑक्साइडबरोबर इंधनही धुऊन जाईल.

आता असं कर. तिन्ही तापमानांचे मोल वेबबुकवरच्या घनतेने पुन्हा काढ, प्रत्येक ओळीला तिचा स्वतःचा बाष्पदाब दे, फ्युगॅसिटी घे, आणि मग के-आय-जे बसव. २५ला ०.१०च्या आसपास यायला हवा, आणि बाकीच्या दोन तापमानांना त्याच्या जवळपास राहायला हवा. तरीही ५५चा वेगळाच राहिला, तर झडप आणि सेल यांच्या मधल्या नळीचं आकारमान किती धरलंस आणि ती पाण्यात बुडालेली होती का, एवढं कळव.